दोर कोणाच्या हाती?

सह्याद्रीच्या कड्यावरून एखादा गिर्यारोहक कोसळला की आपल्याकडे दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. 'नसते धाडस करायला सांगितले होते कोणी?' हा एक शहाजोग सवाल. आणि पावसाळ्यात गडकोटांवर जाण्यास मनाई करणारा जिल्हाधिकाऱ्यांचा हुकूम. या गदारोळात मूळ प्रश्न मात्र सोयीस्करपणे गडप होतो: खाली पडलेल्या माणसाला वर काढण्याची जबाबदारी कोणाची?

नांदेड-लातूरच्या कार्यकर्त्याला वाटेल, हा पुण्या-मुंबईच्या हौशी मंडळींचा प्रश्न आहे. माहूरचे डोंगर आणि बालाघाटच्या रांगा सोडल्या तर आपल्याकडे कडे आहेत कोठे? ही समजूत खोडून काढणे हाच या लेखाचा हेतू आहे.

२८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस आंबेनळी घाटात दरीत कोसळली आणि ३० माणसे मृत्युमुखी पडली. दोर लावून त्या दरीत प्रथम उतरले ते महाबळेश्वर-पोलादपूर परिसरातील गिर्यारोहक तरुण. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. तेथे रस्ता नव्हता, यंत्रे चढवता येत नव्हती, खराब हवेमुळे हेलिकॉप्टर निरुपयोगी ठरले. अंधारात आणि पावसात डोंगर चढून गेलेल्यांत पुन्हा हेच तरुण होते. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे बेपत्ताच राहिली. आता पाहा, विद्यापीठाचे कर्मचारी काही कडे चढायला निघाले नव्हते. इर्शाळवाडीचे ठाकर आदिवासी हौसेसाठी डोंगरावर राहत नव्हते. गिर्यारोहणाच्या 'छंदा'तून निर्माण झालेली विद्या छंदाशी संबंध नसलेल्यांच्या कामी आली.

मराठवाड्याच्या दऱ्या जमिनीच्या पोटात आहेत. त्यांना आपण विहिरी म्हणतो. ४ एप्रिल २०२५ रोजी सकाळी वसमत तालुक्यातील गुंज गावाच्या शेतमजूर बायांना घेऊन निघालेला ट्रॅक्टर नांदेड तालुक्यातील आलेगाव शिवारात विहिरीत कोसळला. तिघांना वाचवता आले. सात बाया बुडून मेल्या. प्रशिक्षित पथक जवळ असते तर सातही जीव वाचलेच असते, असा दावा मी करणार नाही. बुडणाऱ्या माणसापाशी मिनिटे थोडीच असतात. परंतु नेमके म्हणूनच, मदत दूरच्या शहरातून येणार असेल तर ती मदत नव्हे, पंचनामा होय. मृतांच्या वारसांना लाखांची मदत तत्परतेने जाहीर झाली. मरणाची भरपाई देण्याची यंत्रणा आपल्याकडे आहे. मरण टाळण्याची नाही.

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची राज्यातील बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला आहे. तेथून नांदेड साडेचारशे किलोमीटरच्या घरात. राज्याच्या दलाची उभारणी २०१६ मध्ये झाली ती धुळे आणि नागपूर येथे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यातील रावणगाव, हसनाळ पाण्याने वेढले तेव्हा लष्कराची तुकडी छत्रपती संभाजीनगरहून मागवावी लागली. पावसाळ्यात पथके तात्पुरती पुढे आणून ठेवली जातात हे खरे. पण आलेगावची विहीर एप्रिलात भरली होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या ढिगाऱ्यांनी सबंध राज्याला आपत्ती व्यवस्थापनाचे आराखडे करायला शिकवले. ज्या भूमीने हा धडा दिला तिच्या वाट्याला आराखड्याचा कागद आला, दोर आला नाही.

यावर उत्तर मिळते: स्वयंसेवक आहेत ना! त्या तरुणांच्या निष्ठेला माझे वंदन आहे. पण अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे. स्वयंसेवा तेथेच उगवते, जेथे फुरसत असते. कामावर रजा मिळणारा, स्वतःच्या पैशाने दोर आणि शिरस्त्राण घेऊ शकणारा माणूसच विनामूल्य बचाव करू शकतो. म्हणून अशी पथके लोणावळ्याला, पुण्याला, महाबळेश्वरला निर्माण झाली. रोजंदारी बुडाली तर चूल पेटत नाही, अशा मुखेडच्या किंवा निलंग्याच्या मजुराने ती कोठून उभारावी? जीव वाचवण्याचे काम धर्मादायावर सोडले की त्याची वाटणी गरजेनुसार होत नाही, फुरसतीनुसार होते.

फ्रान्सने हा धडा डिसेंबर १९५६ मध्ये घेतला. माँ ब्लाँ पर्वतावर व्हँसाँदाँ आणि आँरी हे दोन तरुण अडकले. मदतीस गेलेले हेलिकॉप्टरच कोसळले आणि पायथ्याच्या गावाच्या डोळ्यांदेखत ते दोघे दिवसेंदिवस गोठत गेले. लोकांचा संताप उसळला. १९५८ मध्ये पर्वतीय बचावाची जबाबदारी शासनाकडे आली, सशस्त्र पोलीस दलाचे खास पथक उभे राहिले. तेथे बचाव विनामूल्य असतो. तो हौसेने पडला की पोटासाठी पडला, हे कोणी विचारत नाही.

आपल्यालाही हे तत्त्व परके नाही. १९७२ च्या दुष्काळात काम मागणाऱ्या हातांना भीक नको, हक्क हवा, हे महाराष्ट्राने मान्य केले; शहरी नोकरदारांवर व्यवसाय कर बसवून रोजगार हमीला पैसा उभा केला. मग प्राणांची हमी अशक्य का? निधी नाही, ही सबबही लटकी आहे. २०२१ ते २०२६ या काळासाठी पंधराव्या वित्त आयोगाने राज्याच्या आपत्ती निधीतील दहा टक्के वाटा पूर्वतयारी आणि क्षमतावाढीसाठी राखला होता.

तेव्हा मागणी स्पष्ट हवी. प्रत्येक तालुक्याला स्थानिक तरुणांचे कायम बचाव पथक असावे. वडार, भोई, निवृत्त जवान यांना त्यात अग्रक्रम मिळावा. मानधन, विमा आणि साधने शासनाने द्यावीत. सह्याद्रीतील अनुभवी गिर्यारोहकांकडून रीतसर मोबदला देऊन प्रशिक्षण घ्यावे. विहिरीच्या कामावर यारीच्या दोराखेरीज स्वतंत्र सुरक्षा दोर बांधल्याशिवाय मजुराला खाली उतरवणे दंडनीय ठरवावे.

कार्यकर्त्यांनी आपापल्या तहसील कचेरीत जाऊन दोन साधे प्रश्न विचारावेत. त्या दहा टक्क्यांतून आमच्या तालुक्याला काय मिळाले? आणि आज कोणी विहिरीत पडला तर दोर कोठे ठेवला आहे, तो धरणारे हात कोणाचे आहेत? उत्तर लेखी मागावे, आणि ते मिळेपर्यंत कचेरीची पायरी सोडू नये.