फाट्यावर थांबलेली विज्ञानकथा

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील देवगाव फाटा हे नाव साहित्यचर्चेत सहसा येत नाही. सेलू, जिंतूर आणि मंठा या गावांकडे जाणारे रस्ते जेथे मिळतात, तेथे एसटीची वाट पाहणारी माणसे, चहाची टपरी आणि हंगामात कापसाने भरलेली वाहने एवढेच दृश्य वाटसरूला दिसते. परंतु विज्ञानाने सामान्य माणसाचे जीवन कसे ढवळून काढले आहे हे पाहावयाचे असेल, तर प्रयोगशाळेपेक्षा असा फाटाच अधिक बोलका ठरेल. २००२ साली जनुकांत फेरफार केलेल्या बीटी कापसाला देशात परवानगी मिळाली. बोंडअळीपासून सुटका झाली असे वाटत असतानाच २०१७ साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातील कापूस पोखरला. दरम्यान २०१५ च्या अवर्षणात तेव्हाच्या औरंगाबादेहून विमाने उडवून मराठवाड्याच्या आकाशात कृत्रिम पावसाचा प्रयोग करण्यात आला. विज्ञानाशी अशी रोजची गाठ पडणाऱ्या माणसांची विज्ञानकथा सांगण्याचे मराठी दूरचित्रवाणीने मात्र मनावर घेतलेले नाही.

या उणिवेचे मोल कळण्यासाठी ब्रिटनचा इतिहास पाहणे उद्बोधक ठरेल. १९५३ च्या उन्हाळ्यात बीबीसीने नायजेल नील यांची ‘द क्वाटरमास एक्सपेरिमेंट’ ही सहा भागांची मालिका थेट प्रक्षेपित केली. अंतराळातून परतलेला प्रवासी हळूहळू आपले माणूसपण हरवत जातो, ही कल्पना महायुद्धाच्या जखमा अद्याप ओल्या असलेल्या समाजाला भिडली. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी ‘डॉक्टर हू’ सुरू झाली. तिच्या पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन हे लखनौत जन्मलेले, पंचविशीही न गाठलेले तरुण होते. निर्मात्या व्हेरिटी लॅम्बर्ट याही तिशीच्या आतल्याच. पैसा बेताचा होता. नायकाचे कालयान रस्त्यावरच्या पोलिसी खोक्याच्या रूपातच अडकून पडते, ही युक्तीही काटकसरीला सोयीची होती. त्या यानात विज्ञान आणि इतिहास शिकविणारे दोन शाळाशिक्षक बसविलेले होते, हे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. पुढे १९७० साली नेत्रविषयक संशोधन करणारे शास्त्रज्ञ किट पेडलर आणि लेखक गेरी डेव्हिस यांनी ‘डूमवॉच’ निर्माण केली. प्लॅस्टिक फस्त करणारा विषाणू मोकाट सुटतो, ही तिच्या पहिल्या भागाची कथा. विज्ञानावर पहारा कोणी ठेवावयाचा, हा प्रश्न त्या मालिकेने घराघरांत नेला.

ही परंपरा निर्दोष होती असे नव्हे. बीबीसीने जुन्या फिती पुसून टाकल्यामुळे ‘डॉक्टर हू’चे नव्वदहून अधिक भाग आज हाती नाहीत. १९८९ साली थांबलेली ही मालिका नियमितपणे परतण्यास २००५ साल उजाडावे लागले. तरीही ती परतली, कारण मधल्या काळात वाचकांनी आणि चाहत्यांनी ती जिवंत ठेवली होती.

या इतिहासाचा एक धागा थेट महाराष्ट्राशी जोडलेला आहे. १९६१ साली बीबीसीने ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही मालिका दाखविली. दूरच्या तारकाविश्वातून आलेला संदेश, त्यातील सूचनांबरहुकूम उभारलेला संगणक आणि त्यातून उद्भवलेले संकट असे तिचे कथानक. तिचे एक लेखक होते केंब्रिजचे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल. आणि त्याच वेळी त्यांच्या हाताखाली संशोधन करीत होते कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर. श्रेष्ठ वैज्ञानिकाने कथा लिहिणे कमीपणाचे नाही, हा संस्कार नारळीकरांना गुरूच्या उदाहरणातून लाभला असल्यास नवल नाही. ते १९७२ साली मायदेशी परतले. योगायोग असा की, त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठविलेल्या त्यांच्या ‘कृष्णविवर’ कथेने पहिला क्रमांक मिळविला. पुढे ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’ ही पुस्तके आली. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी ही वाट रुंद केली. २०२१ साली नारळीकर अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि २० मे २०२५ रोजी त्यांचे पुण्यात निधन झाले.

कथा होती, लेखक होते, पडदाही होता. तरीही तिघांची सांगड बसून परंपरा म्हणावी असे काही उभे राहिले नाही. ‘एवढा पैसा कोठून आणावयाचा?’ हे याचे नेहमीचे उत्तर आहे. ब्रिटनचा अनुभव ते उत्तर खोटे ठरवितो. तेथे या मालिका पैशाच्या बळावर नव्हे, तर लेखकावरील विश्वासाच्या बळावर उभ्या राहिल्या. ग्रहयुद्धे दाखविण्यास कोट्यवधी रुपये लागतील. परंतु कोरड्या पडलेल्या विहिरीच्या काठी, फसलेल्या बियाण्याची पिशवी हातात धरून बसलेल्या शेतकऱ्याला भविष्याने घातलेले कोडे दाखविण्यास किती पैसा लागतो? ते कोडे नेमके मांडण्याची प्रतिभा तेवढी लागते.

आज फाट्यावर एसटीची वाट पाहणाऱ्या मुलाच्या हातातील भ्रमणध्वनीवर परदेशी यंत्रमानव आणि परग्रहवासी सहज अवतरतात. त्याने ते अवश्य पाहावेत. मात्र त्या भविष्यात त्याचे शेत नसते, त्याची भाषा नसते. उद्याच्या जगात आपल्याला जागा आहे किंवा नाही, हे मूल प्रथम कथेतून शिकते. त्याचे उद्याचे बियाणे, पाणी आणि रोजगार यांविषयीचे निर्णय इतरत्र होत असताना त्याने केवळ प्रेक्षक राहावे, हे परवडणारे नाही. सह्याद्री वाहिनीने, खासगी वाहिन्यांनी आणि मराठी विज्ञान परिषदेसारख्या संस्थांनी एकत्र बसून छापील विज्ञानकथांतील निवडक दहा कथा जरी पडद्यावर आणल्या, तरी प्रारंभ होईल. नारळीकरांची स्मारके यथाकाल उभी राहतीलच. पण त्यांच्या कथेला देवगाव फाट्यापर्यंत पोहोचविणे, हे त्यांचे खरे स्मरण ठरेल.