वाट आपली, कुंपण कुणाचं?

जमिनीचा विषय निघाला की प्लॉट, दंडाच्या पावत्या, पंचनामे यावर रात्र रात्र बैठका चालतात. पायवाटेवर बैठक होत नाही. पण वाट गेली तर प्लॉट असून काय करायचं? नांगर कुठून न्यायचा, भाताचे भारे कुठून आणायचे?

आपल्या जव्हार-मोखाड्याकडं गाव म्हणजे एक वस्ती नसते. इथं पाडे, तिथं पाडे, मधे डोंगर, मधे ओहोळ. रेशनचं दुकान एका पाड्यात, शाळा दुसऱ्यात, दवाखाना त्याहून लांब. हे सगळं जोडते ती पायवाट. मोह वेचायला, फाट्याला, पाण्याला, वाघोबाच्या ठाण्याला आपण तिनंच जातो. आजारी माणसाला झोळीत घालून नेतो तेही तिच्यावरूनच. 1992 साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीची लेकरं कुपोषणानं दगावली. दवाखाना लांब आणि वाट धड नाही म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आता वाटा कशा बंद होतात ते पहा. रोपवन आलं की चर खणतात, तारा ओढतात. शहरातला शेठ माळ विकत घेतो, फाटक लावतो, कुत्रा बांधतो. तरणा माणूस तारेखालून सरपटत जाईल. पोटुशी बाई कशी जाईल? डोक्यावर हंडा घेतलेली पोर? पायानं अधू असलेला भाऊ? त्यांना दोन मैल वळसा पडतो. मग पोर शाळा सोडते आणि म्हातारी रेशनला जायचं सोडते.

साहेब म्हणतात, जंगल सरकारचं, वाट कसली? त्यांचाच कायदा त्यांना दाखवा. भारतीय वन अधिनियम 1927, कलम 25. राखीव जंगलातली वाट बंद करायची तर राज्य सरकारची आधी मंजुरी लागते, आणि त्या बदल्यात सोयीची दुसरी वाट असावी लागते, नाहीतर करून द्यावी लागते. गार्डाच्या तोंडी हुकमानं वाट बंद होत नाही. मंजुरीचा कागद मागा.

शेठनं शेताची वहिवाटीची वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5 आहे. तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतो. पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज पाहिजे. ‘बघू, दिवाळीनंतर’ करत बसलो तर मुदत जाते.

आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. काही ठिकाणी आपलाच भाऊ बांध सरकवत वाट नांगरतो. त्याच्यावर पोलीस नको. पाड्याच्या बैठकीत बसवा, समजवा, वाट मोकळी करून घ्या. शेठला एक न्याय आणि भावाला दुसरा, असं केलं तर आपलं कुणी ऐकणार नाही.

काहीजण म्हणतात, पायवाट काय मागता, डांबरी सडक मागा. सडक पाहिजेच. पण ती येईल तेव्हा येईल, आणि आली तरी प्रत्येक पाड्याच्या दारात येणार नाही. सडकेपर्यंत पायानंच जायचं आहे. ओहोळावर साकव आणि चढावर दगडी पायऱ्या, एवढं झालं तरी पावसाळ्यात माणूस वाचेल. हे काम रोजगार हमीतून मागता येतं. वाटही होईल आणि वीटभट्टीवर जाणाऱ्या काही घरांना गावातच मजुरी मिळेल.

तेव्हा शेतीची कामं लागायच्या आत प्रत्येक पाड्यानं एवढं करावं:

1. म्हाताऱ्या माणसांना घेऊन सगळ्या वाटा चालून या. कुठून कुठं, कशासाठी, कुठं अडवली, कधी अडवली, ते लिहा.

2. भूमी अभिलेख कचेरीतून गावनकाशा काढा. एका तुटक रेघेनं पायवाट असते, दोन रेघांनी गाडीवाट. नकाशात आहे ती दाखवा. नाही ती आपल्या यादीत घाला आणि म्हाताऱ्यांचे जबाब जोडा.

3. यादीवर सगळ्यांचे अंगठे-सह्या घ्या. बायांच्या आधी, कारण जास्त चालतात त्या. एक प्रत तहसीलदाराला द्या, पोच घ्या. एक संघटनेकडं ठेवा.

ही यादी उद्या जमिनीच्या कामालाही येईल. प्लॉटवर जाणारी जुनी वाट हा आपल्या वहिवाटीचा पुरावा आहे. वाट पुसली की ते म्हणणार, इथं कुणी कसतच नव्हतं.

जिंदाबाद!