शिडी कोणी बांधायची?

दरवर्षी जूनमध्ये निकाल लागले की तालुक्याच्या पक्षकचेरीत एक प्रश्न हमखास येतो. मुलगी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली असते, दोन वर्षे स्पर्धापरीक्षांत गेलेली असतात, आणि बाप विचारतो, "दवाखान्याच्या कामाला मरण नाही म्हणतात. तिला त्यातले काही शिकवावे. पण नेमके काय?" कार्यकर्ता आपल्या माहितीप्रमाणे उत्तर देतो. कोणी नर्सिंग सुचवतो, कोणी डी.एम.एल.टी., कोणी डायलिसिस तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम. कोणाची भाची अमेरिकेत असते. तिच्याकडून ऐकलेला 'नर्स प्रॅक्टिशनर' हा शब्दही अलीकडे या बोलण्यात येतो. रोग्याला तपासणारी, निदान करणारी, औषध लिहून देणारी परिचारिका! नर्सिंगची पदवी नसताना तिथवर पोहोचता येते काय, अशी पृच्छा होते.

प्रश्न वरवर पाहता एका घरापुरता आहे. परंतु त्याचे उत्तर मुलीच्या आवडीनिवडीपेक्षा अधिक एका वेगळ्याच गोष्टीवर अवलंबून आहे. समाजाने आरोग्यसेवेत कोणत्या पायऱ्या बांधल्या, कोणत्या बांधल्याच नाहीत आणि कोणत्या बाजारात विकायला काढल्या, ही ती गोष्ट होय. म्हणून हा प्रश्न पक्षकचेरीत येतो हे योग्यच आहे. त्याला तिथे विचारपूर्वक उत्तर मिळत नाही, हे मात्र योग्य नाही.

प्रथम ज्या देशात हा व्यवसाय जन्मला तिथली स्थिती पाहू. १९६५ साली अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड ही परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी पहिला नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम सुरू केला. ग्रामीण भागात व गरीब वस्त्यांत मुलांना तपासायला डॉक्टर मिळत नव्हते; अनुभवी परिचारिकांना अधिक शिक्षण देऊन ती जबाबदारी सोपवावी, ही मूळ कल्पना. त्याच वर्षी ड्यूक विद्यापीठात यूजीन स्टेड या डॉक्टरांनी नौदलातून परतलेल्या वैद्यकीय सहायकांना घेऊन 'फिजिशियन असिस्टंट' हा दुसरा व्यवसाय घडवला. दोन्ही प्रयोगांचे सूत्र एकच होते. ज्यांच्या हाताला काम ठाऊक आहे, पण ज्यांच्यापाशी पदवी नाही, त्यांना वर चढण्यासाठी पायरी द्यावयाची.

पुढे चित्र पालटले. १९७४ साली येल विद्यापीठाने नर्सिंगेतर पदवीधरांसाठी तीन वर्षांचा अभ्यासक्रम उघडला, आणि नंतर इतरांनी ती वाट रुंद केली. आज तिथल्या रसायनशास्त्राच्या पदवीधरापुढे मुख्यतः तीन मार्ग आहेत. पहिला, बारा ते अठरा महिन्यांत नर्सिंगची दुसरी पदवी घेऊन परिचारिका होणे. दुसरा, सुमारे तीन वर्षांच्या थेट प्रवेशाच्या अभ्यासक्रमात आधी परिचारिकेचा परवाना मिळवून पुढे नर्स प्रॅक्टिशनर होणे. तिसरा, सव्वादोन वर्षांच्या आसपासचा फिजिशियन असिस्टंटचा अभ्यासक्रम. त्याला नर्सिंगची गरज नाही, मात्र रोग्यांबरोबर काम केल्याचा अनुभव बहुतेक ठिकाणी मागितला जातो. निम्म्याहून अधिक राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर डॉक्टरांच्या देखरेखीवाचून व्यवसाय करू शकते. फिजिशियन असिस्टंट हा बहुधा डॉक्टरांशी जोडलेलाच राहतो. २०२३ साली दोघांचेही मध्यम वार्षिक वेतन सव्वा लाख डॉलरच्या पुढे होते, तर नोंदणीकृत परिचारिकेचे शहाऐंशी हजारांच्या आसपास.

वाटा आहेत, पण त्या कर्जाच्या फाटकातून जातात. जुलै २०२५ मध्ये तिथे जो कायदा झाला, त्याने १ जुलै २०२६ पासूनच्या नव्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या सरकारी कर्जावर एक लाख डॉलरची मर्यादा घातली, आणि 'व्यावसायिक' पदव्यांसाठी ती दोन लाखांची ठेवली. त्याच वर्षी नोव्हेंबरात शिक्षण खात्याने 'व्यावसायिक' या शब्दाची जी व्याख्या पुढे केली, तीत वैद्यकी व दंतवैद्यकी होती. नर्सिंग आणि फिजिशियन असिस्टंट नव्हते. परिचारिकांच्या संघटनांनी यावर संताप व्यक्त केला तो साहजिक होता. ज्याच्या डोक्यावर कर्ज, तो पगार जिथे अधिक तिथे जाणार, आणि ज्या गरीब वस्तीसाठी हा व्यवसाय जन्मला ती वस्ती मागे पडणार, हे सांगायला अर्थशास्त्राच्या पंडिताची गरज नाही. अनुभवी माणसासाठी बांधलेली पायरी हळूहळू कर्ज काढू शकणाऱ्याची झाली, हा अमेरिकेच्या साठ वर्षांचा धडा आहे.

आता आपल्याकडे वळू. भारतीय परिचर्या परिषदेने २०१६ च्या सुमारास अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आणला. २०१८ साली केंद्र सरकारने प्रसूतिसेवेसाठी अठरा महिन्यांच्या 'नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवायफरी' प्रशिक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. दोन्हींना आधी नर्सिंगचे शिक्षण, नोंदणी व अनुभव लागतो. अमेरिकेसारखा थेट प्रवेश इथे नाही. बी.एस्सी. झालेल्या मुलीला परिचारिका व्हावयाचे असेल तर तिने आपली तीन वर्षे बाजूला ठेवून नर्सिंगच्या पहिल्या वर्षात बसावे लागते, जी.एन.एम. ला तीन वर्षे, बी.एस्सी. नर्सिंगला चार. नर्सिंगवाचूनची वाट हवी असेल तर फिजिशियन असिस्टंटचा अभ्यासक्रम १९९२ पासून, चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी सुरू केल्यापासून, देशात आहे. आणि २०२१ च्या सहयोगी आरोग्यव्यवसाय आयोग कायद्याने त्यासह पन्नासहून अधिक व्यवसायांना प्रथमच राष्ट्रीय चौकट दिली. तथापि कायद्यात नाव असणे वेगळे आणि जिल्हा रुग्णालयाच्या आकृतिबंधात मंजूर पद असणे वेगळे.

नेमक्या या अंतरातच अभ्यासक्रमांचा बाजार भरतो. एस.टी. स्थानकाच्या भिंतीवर 'शंभर टक्के नोकरी'ची जाहिरात चिकटवणारी संस्था पदविका देते, पण ती पदविका कोणत्या परिषदेच्या नोंदवहीत चढते हे सांगत नाही. शेत गहाण टाकून फी भरलेली मुलगी अखेरीस खासगी रुग्णालयात बारा तासांच्या पाळीवर, अकुशल मजुराच्या दराने राबते. तेव्हा कार्यकर्त्याने विचारणाऱ्या बापाला अभ्यासक्रमाचे नाव सांगण्याआधी तीन गोष्टी विचारावयास शिकवावे. या शिक्षणाची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषद, परावैद्यक परिषद वा अन्य वैधानिक संस्थेकडे होते काय? सार्वजनिक आरोग्यसेवेत या नावाचे पद मंजूर आहे काय? आणि पाच वर्षांनी इथून वर जायला पायरी आहे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल तर पैसा टाकू नये. दुसऱ्याचे व तिसऱ्याचे 'नाही' असेल तर त्या मुलीला कामगार म्हणून लढावे लागेल, हे आधीच सांगावे. या कसोटीवर आजही नर्सिंगचा लांबचा रस्ता बहुतेक आखूड रस्त्यांपेक्षा भरवशाचा ठरतो, हे कटू असले तरी खरे आहे.

मधल्या स्तराचा आरोग्यसेवक राज्यकर्त्यांना नकोसा आहे असे मात्र नाही. २०१८ पासून उपकेंद्रांचे आरोग्यवर्धिनी केंद्रांत रूपांतर झाले आणि तिथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमले गेले. नर्सिंग किंवा आयुर्वेदाची पात्रता असलेल्यांना सहा महिन्यांचे प्रशिक्षण देऊन ही फळी उभी केली. सपाट प्रदेशात पाच हजार व डोंगराळ, आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येच्या उपकेंद्रावर मधुमेह व रक्तदाब तपासणारे कोणी असावे, हा विचार स्वागतार्हच होता. परंतु नेमणुका कंत्राटी, वेतनाचा एक भाग 'कामगिरी'वर अवलंबून, आणि बढतीचा जिना नाही. जबाबदारी अधिकाऱ्याची, सुरक्षितता मात्र रोजंदाराची! मे २०२२ मध्ये महाराष्ट्रातील सरकारी परिचारिका बाह्यस्रोतांतून होणाऱ्या भरतीविरुद्ध संपावर गेल्या, तेव्हा त्या याच धोरणाशी झुंजत होत्या.

आणि ज्यांच्या हाताला काम ठाऊक आहे त्यांचे काय? जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्या अल्पशिक्षित, पुष्कळदा निरक्षर बायांना आरोग्याचे शिक्षण दिले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी खेड्यातील स्त्रियांना नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घ्यावयास शिकवले, आणि तिसऱ्या वर्षी त्या गावांतील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. साध्या शिक्षणाच्या स्त्रीला काटेकोर प्रशिक्षण व पाठबळ दिले तर ती मरण परतवू शकते, हे याच महाराष्ट्राच्या मातीत सिद्ध झाले. त्या कामावर उभी राहिलेली आशा आजही कागदोपत्री 'स्वयंसेविका' आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात तिला मोबदल्यासाठी रस्त्यावर यावे लागले. उपकेंद्रात वीस वर्षे बाळंतपणे केलेली ए.एन.एम. जी.एन.एम. होऊ पाहते तेव्हा तिला पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागते. वयाची अट लागू नाही, एवढीच काय ती सवलत. अमेरिकेत अनुभवावाचून पदवी मिळते म्हणून टीका होते. आपल्याकडे पदवीवाचून अनुभव वाया जातो, त्याविषयी कोणी बोलत नाही.

यावर एक आक्षेप गंभीरपणे विचारात घेतला पाहिजे. गरिबांसाठी दुय्यम डॉक्टर आणि श्रीमंतांसाठी खरे डॉक्टर, अशी ही विभागणी नव्हे काय? १९४६ च्या भोर समितीने याच समतेच्या भावनेतून एकाच दर्जाचा डॉक्टर असावा असे सांगितले आणि लायसेन्शिएट डॉक्टरांचा अभ्यासक्रम बंद करण्याची शिफारस केली. त्या काळी देशातील सुमारे ४७,५०० नोंदणीकृत डॉक्टरांपैकी जवळजवळ ३०,००० लायसेन्शिएट होते. दर्जा एक झाला. खेड्याला डॉक्टर मात्र मिळाला नाही, मिळाला तो वैदू वा परवान्यावाचून सुई टोचणारा. छत्तीसगडने २००१ साली तीन वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम काढला. डॉक्टरांच्या विरोधाने तो बंद पडला, पण त्यातून निघालेले ग्रामीण वैद्यकीय सहायक सामान्य आजार हाताळण्यात एम.बी.बी.एस. वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या तोडीचे असल्याचे २०१० च्या अभ्यासात आढळले. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या ३२ व्या कलमात 'समुदाय आरोग्य सेवका'ला मर्यादित परवाना देण्याची तरतूद आली, तेव्हाही डॉक्टरांच्या संघटनेने देशव्यापी संप पुकारला. त्या विरोधात रोग्याच्या सुरक्षिततेची काळजी होती, तसेच व्यवसायाचे हितसंबंधही होते. दोन्ही ओळखून पावले टाकली पाहिजेत. अपुऱ्या शिक्षणाचा, कंत्राटी, एकाकी सेवक खेड्यावर लादणे ही विषमताच आहे. पुरेसे शिकलेला, देखरेख व वाहतुकीची जोड असलेला, कायम नोकरीतला आणि वर चढण्याची वाट असलेला सेवक ही विषमता नव्हे.

तेव्हा चळवळीची मागणी नेमकी असली पाहिजे. आशा ते ए.एन.एम., ए.एन.एम. ते जी.एन.एम., तिथून पदवी व नर्स प्रॅक्टिशनर, अशी सलग शिडी शासनाने बांधावी, आणि प्रत्येक पायरीवर मागील सेवेची व शिक्षणाची वजावट द्यावी. शिकतेवेळी वेतन चालू राहावे. विज्ञानाच्या पदवीधरांसाठी जिल्हा रुग्णालयांशी जोडलेला, अल्प फीचा, संक्षिप्त पण प्रत्यक्ष कामाने भरलेला नर्सिंग अभ्यासक्रम असावा. त्यातून येणाऱ्याने नर्स प्रॅक्टिशनर होण्यापूर्वी वॉर्डात काही वर्षे काढावीत. ज्या अभ्यासक्रमाला मान्यता दिली जाईल, त्याचे पद आकृतिबंधात असावे. पद नसेल तर मान्यताही नसावी. परिचारिकांच्या संघटना, आशांच्या संघटना आणि बेकार पदवीधर यांचे हित इथे एकमेकांच्या आड येत नाही, हे पटवून देणे कार्यकर्त्यांचे काम आहे.

तोवर तालुक्याच्या कचेरीत आलेल्या त्या बापाला थांबवून ठेवता येणार नाही. मुलीचे वय थांबत नाही. त्याला आज खरे तेच सांगावे: नोंदणी पाहा, पद पाहा, पुढची पायरी पाहा, आणि सावकाराच्या दारात जाण्यापूर्वी सरकारी संस्थेचा प्रवेशअर्ज भरा. आणि मुलीला सांगावे की ज्या दिवशी ती पांढऱ्या गणवेशात वॉर्डात उभी राहील, त्या दिवशी तिने युनियनची पावतीही फाडावी. कारण वरची पायरी तिला कोणी आणून देणार नाही; तिच्या आधी वीस वर्षे राबलेल्या ए.एन.एम. च्या खांद्याला खांदा लावूनच ती बांधावी लागेल.