मोर्चा अडतो तिथेच बसा

माननीय सभापती, विधान परिषद, आणि माननीय अध्यक्ष, विधानसभा, महाराष्ट्र राज्य यांना



हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते, ती आमच्यावर कोणाची मेहेरबानी नाही. १९५३च्या नागपूर करारात तसा शब्द दिलेला आहे. १९५६ साली या शहराचा राजधानीचा दर्जा गेला. निदान वर्षातून काही दिवस सरकार इथे यावे, एवढे पदरात राहिले. सरकार येतेही. मुख्यमंत्र्यांचे रामगिरी, मंत्र्यांचे रविभवन रंगून तयार होतात आणि विधानभवनात आमच्याच नावाने भाषणे होतात.

आतला जो तो स्वतःला सर्वसामान्यांचा म्हणवतो. अभिजन म्हणजे कायम दुसरे कोणीतरी: इंग्रजी बोलणारे, न्यायाधीश, संपादक, प्राध्यापक. डिसेंबरातल्या नागपुरात मात्र अभिजन ओळखायला जात, भाषा, पदवी काही विचारावे लागत नाही. गळ्यातला पास पुरतो. बाकीची जनता मोर्चे अडवले जातात त्या मॉरिस कॉलेज टी-पॉइंटच्या बॅरिकेडपाशी. चार-पाच जणांचे शिष्टमंडळ आत जाते, निवेदन देतानाचा फोटो निघतो, उरलेले रस्त्यावरच शिदोरी सोडतात.

२३ नोव्हेंबर १९९४ ला याच परिसरात गोवारी समाजाचा मोर्चा अडवला होता. मागणी अनुसूचित जमातीच्या सवलतींची. लाठीमार झाला, चेंगराचेंगरीत ११४ जीव गेले. त्यांत बहुतेक बायका आणि मुले. झिरो माइलजवळ त्यांचे स्मारक आहे, सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला त्यांचे नाव आहे. आणि मागणी? २०१८ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने कौल दिला. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. राज्यघटनेच्या ३४२व्या कलमाप्रमाणे जमातींच्या यादीत बदल फक्त संसद करू शकते. विधानमंडळाच्या हाती ते नाही. स्मारकावर हार घालताना हे सांगणारा नेता विरळा. ‘कोर्टाने अडवले’ म्हटले की टाळ्या मिळतात.

माझ्या लेखी लोकानुनय तो हाच: खरे न सांगता टाळ्या घेणे. पैसे वाटण्याला मी त्यात धरत नाही. ‘लाडकी बहीण’ योजनेचे १५०० रुपये घरखर्चाला लागतात, हे टीका करणाऱ्या आमच्या पांढरपेशांनी एकदा समजून घ्यावे. पण २०२४च्या प्रचारात ती रक्कम २१०० करण्याचा शब्द देताना, पैसे कुठून येणार हेही त्याच दमात सांगायला हवे होते. लोकानुनयाबद्दल जर्मन राज्यशास्त्रज्ञ यान-वेर्नर म्युलर यांचे म्हणणे असे की अभिजनांवर नुसती टीका केल्याने कोणी लोकानुनयी ठरत नाही. खरी जनता म्हणजे आम्हीच, असा दावा केला की ठरतो. टी-पॉइंटवर उभ्या असलेल्यांना मग मोजायचे कशात?

विधानमंडळाची विनंती अर्ज समिती आहे. अधिवेशनकाळात तिला रोज एक तास मोर्चा अडतो तिथेच बसवा. सत्ताधारी असोत, विरोधक असोत, दोघेही हवेत. निवेदन रस्त्यावरच घ्या. मागणी राज्याच्या अखत्यारीत आहे की दिल्लीच्या, खर्च किती, हे माइकवरून सगळ्यांना ऐकू द्या. नाही म्हणायचे असेल तर तेही तोंडावर म्हणा, आणि दिलेले उत्तर सभागृहाच्या पटलावर ठेवा.

सुरक्षेची अडचण पुढे केली जाईल. पण मते मागताना हेच आमदार याच लोकांच्या दारोदार फिरतात.

पुढच्या अधिवेशनाचे वेळापत्रक ठरेल तेव्हा कामकाज सल्लागार समितीपुढे हा प्रस्ताव ठेवावा, ही विनंती.

आपला,
सीताबर्डीचा एक मतदार