साथीच्या दिवसांत संधिवाताच्या गोळ्या बंद कराव्यात का?

२०२४ च्या पावसाळ्यात पुणे आणि नागपुरात चिकुनगुन्याची मोठी साथ आली. २०२५ च्या मे-जूनमध्ये कोरोनाच्या बातम्या पुन्हा सुरू झाल्या. अशी बातमी टीव्हीवर आली, की शिंदखेडा-दोंडाईचा भागातले आमवाताचे आणि ल्युपसचे रुग्ण एकच प्रश्न विचारतात: "डॉक्टर, या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती कमी होते म्हणतात. साथ जाईपर्यंत बंद करू का?"

प्रश्न रास्त आहे. थोडक्यात उत्तर असे: ताप नसेल तर गोळ्या बंद करू नका. ताप आला तर काही गोळ्या थोडे दिवस थांबवाव्या लागतात, पण ते डॉक्टरांना विचारून. आणि स्टिरॉइड कधीही एकदम बंद करायचे नाही. यामागची कारणे समजून घेऊ.

धोका नेमका कशामुळे वाढतो?

आमवात, ल्युपस यांसारख्या आजारांत प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर हल्ला करते. तिला आवर घालण्यासाठी औषधे दिली जातात. त्यामुळे जंतुसंसर्गाचा धोका काहीसा वाढतो, हे खरे आहे. पण सगळी औषधे सारखी नसतात.

कोरोनाच्या काळात जगभरच्या संधिवाततज्ज्ञांनी रुग्णांची माहिती एकत्र केली. ४० देशांतील ६०० रुग्णांच्या पहिल्या अभ्यासात असे दिसले, की रोज १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रेडनिसोलोनसारखे स्टिरॉइड घेणाऱ्यांना रुग्णालयात दाखल होण्याची वेळ जास्त आली. मेथोट्रेक्सेट, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन अशा नेहमीच्या गोळ्यांमुळे हा धोका वाढल्याचे दिसले नाही. पुढे साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट समोर आली: ज्यांचा मूळ आजार आटोक्यात नव्हता, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण जास्त होते. रिटुक्सिमॅब हे इंजेक्शन घेणाऱ्यांनाही धोका जास्त होता.

म्हणजे भीतीपोटी गोळ्या बंद केल्या, आजार उसळला आणि तो दाबायला स्टिरॉइड वाढवावे लागले, तर आपण धोका टाळत नाही. आपणच तो वाढवून घेतो.

२०२० मध्ये काय झाले?

मार्च २०२० मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने आरोग्य कर्मचारी आणि कोरोना रुग्णांच्या घरच्यांसाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची शिफारस केली. काही दिवसांतच ही गोळी दुकानांतून गायब होऊ लागली. निरोगी माणसांनीही ती घरात साठवली. २५ मार्चला सरकारने निर्यातीवर बंदी घातली आणि २६ मार्चला डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकू नये म्हणून नियम कडक केले.

ल्युपसच्या रुग्णाला ही गोळी रोज लागते. ती तुटली तर किडनी, त्वचा, सांधे यांचा आजार पुन्हा डोके वर काढू शकतो. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत दिसले, की दाखल झालेल्या कोरोना रुग्णांना तिचा फायदा होत नाही. ज्यांना उपयोग नव्हता त्यांनी ती साठवली आणि ज्यांना गरज होती त्यांची ओढाताण झाली. यातून आपल्यासाठी धडा इतकाच: नेहमीच्या औषधांचा महिनाभराचा साठा घरी ठेवा. शेवटची पट्टी उघडली, की पुढची आणा.

पुडीतले स्टिरॉइड

आपल्या भागात सांधेदुखीवर बाजारातून पुड्या किंवा चिठ्ठीशिवाय गोळ्या आणून खाण्याची सवय आहे. दोन दिवसांत दुखणे पळाले, भूक वाढली, चेहरा गोल झाला, तर त्यात स्टिरॉइड असण्याची शक्यता मोठी आहे. अशा रुग्णाला आपण स्टिरॉइड घेतो हेच माहीत नसते. त्याचा ताप दबून राहतो, आजार अंगात वाढतो आणि तो दवाखान्यात उशिरा येतो. पुडी अचानक बंद केली तर रक्तदाब एकदम घसरू शकतो, जिवावर बेतू शकते. म्हणून लाजू नका. जे काही घेत असाल ते पुडीसकट डॉक्टरांना दाखवा.

ताप आला तर काय करावे?

- स्टिरॉइड बंद करू नका. उलट्यांमुळे गोळी पोटात राहत नसेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा.
- मेथोट्रेक्सेट ही आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी आहे. ताप असताना त्या आठवड्याची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. बहुतेक वेळा ती थांबवली जाते. ताप-जुलाबाने शरीरातले पाणी कमी झाले, की किडनीवाटे ती नीट बाहेर पडत नाही आणि अंगात साठते.
- लेफ्लुनोमाइड, टोफासिटिनिब आणि बायोलॉजिक इंजेक्शनेही तज्ज्ञांना विचारून थांबवतात.
- तापाला पॅरासिटामॉल घ्या. डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन टाळा, रक्तस्रावाचा धोका असतो.
- तोंडात फोड, अंगावर लाल ठिपके, धाप, लघवी कमी होणे किंवा गुंगी, यांपैकी काहीही दिसले तर थांबू नका. धुळ्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठा.
- थांबवलेली गोळी पुन्हा कधी सुरू करायची, हेही विचारून घ्या. ताप जातो, गोळी मात्र विसरली जाते आणि महिन्याभराने सांधे सुजतात.

चिकुनगुन्या की आमवात?

चिकुनगुन्यानंतर सांधे महिनोन्‌महिने दुखू शकतात. १९७३ मध्ये बार्शीत आणि २००६ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांत आलेल्या साथींमुळे हा आजार जुन्या लोकांच्या ओळखीचा आहे. पण या काळात आमवाताची रक्ततपासणी काही वेळा खोटी पॉझिटिव्ह येते. तेवढ्या कागदावर वर्षानुवर्षांचे औषध सुरू करू नये. तीन महिन्यांनंतरही सांध्यांना सूज असेल, तर संधिवाततज्ज्ञांना जरूर दाखवा. आधीपासून आमवात असेल, तर प्रत्येक दुखणे "आमवातच वाढला" असे समजू नका. सोबत ताप असेल तर तपासणी करून घ्या.

लस आणि पाणी

फ्लूची इंजेक्शनने दिली जाणारी लस दरवर्षी घ्यावी. वय ५० च्या पुढे असेल तर नागिणीच्या नव्या लसीबद्दल विचारा, ती २०२३ पासून भारतात मिळते, मात्र महाग आहे. कांजिण्या, गोवर अशा जिवंत विषाणूच्या लसी मात्र या औषधांवर असताना परस्पर घेऊ नका.

रोज नळ येत नाही तिथे टाकी, ड्रम, हंडे भरून ठेवावेच लागतात. डेंग्यू-चिकुनगुन्याचा डास त्याच स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा. भांडी रिकामी करून घासा, टाकीला घट्ट झाकण किंवा कापड बांधा. घरात आमवाताचे रुग्ण असतील, तर हे काम त्यांच्या दुखऱ्या हातांवर न टाकता घरातल्या इतरांनी करावे.

शेवटी एक सोपे काम: तुमच्या सगळ्या औषधांची नावे, मात्रा आणि "ताप आला तर कोणती थांबवायची" हे पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घ्या. तो कागद घरात सगळ्यांना दिसेल अशा जागी लावा.