साथीदार पुढे येतो तेव्हा

कुठल्याही मैफलीची पत्रिका घ्या. गायकाचं नाव ठळक अक्षरांत असतं आणि तळाशी बारीक अक्षरांत 'साथसंगत'. आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांत मी बरीच वर्षं तबल्याच्या साथीला बसतो, त्यामुळे त्या बारीक अक्षरांशी माझं जुनं नातं आहे. आता मंडळातली काही मुलंमुली तबला वाजवतात, काही ड्रम. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो, "काका, नुसता ताल वाजवून करिअर होतं का?"

यावर मी त्यांना एका अमेरिकन माणसाची गोष्ट सांगतो. त्याचं नाव लायोनेल हॅम्प्टन.

हॅम्प्टनचा जन्म १९०८ चा, केंटकी राज्यातल्या लुईव्हिलचा. विस्कॉन्सिनमधल्या एका शाळेत त्याला ड्रम वाजवायला शिकवलं ते एका ननने. पुढे शिकागोत वर्तमानपत्र विकणाऱ्या मुलांच्या बँडमध्ये तो वाजवू लागला. त्याच काळात तो झायलोफोनही शिकला. हे आपल्या काष्ठतरंगाच्या जातीचं वाद्य, लाकडी पट्ट्यांचं. पोट भरणार होतं ड्रमवर, पण हात सुरांवरही फिरत होता. ही गोष्ट लक्षात ठेवा.

१९३० साली तो लॉस एंजेलिसमध्ये लेस हाइटच्या बँडचा ड्रमर होता. या बँडबरोबर लुई आर्मस्ट्राँगचं ध्वनिमुद्रण होतं. स्टुडिओत एक नवं वाद्य पडून होतं, व्हायब्राफोन. याच्या पट्ट्या धातूच्या, पियानोच्या स्वरांप्रमाणे मांडलेल्या. प्रत्येक पट्टीखाली एक उभी नळी आणि नळीच्या तोंडाशी मोटरवर फिरणारी चकती. त्या चकतीमुळे सूर पाण्यावरच्या उजेडासारखा हलतो. पायाखालच्या पेडलने तो लांबवता येतो किंवा तोडता येतो. जुन्या हिंदी चित्रपटगीतांत हा आवाज तुम्ही नक्की ऐकला आहे. मुंबईच्या स्टुडिओंत बर्जोर लॉर्ड ड्रमही वाजवत आणि व्हायब्राफोनही.

तर आर्मस्ट्राँगने विचारलं, हे वाजवता येईल का? झायलोफोनच्या पट्ट्यांची मांडणी तशीच असते, त्यामुळे बावीस वर्षांच्या हॅम्प्टनने काठ्या उचलल्या. 'मेमरीज ऑफ यू' या गाण्यात त्याचे ते सूर आजही ऐकायला मिळतात. जॅझमधल्या व्हायब्राफोनची कहाणी बहुतेक जण इथूनच सांगायला घेतात. लोक याला नशीब म्हणतात. मला ते पटत नाही. वाद्य समोर आलं हे नशीब खरं, पण ते वाजवता आलं ते शिकागोतल्या रियाजामुळे.

१९३६ साली क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनने त्याला लॉस एंजेलिसमध्ये ऐकलं आणि आपल्या चौकडीत घेतलं. गुडमन आणि ड्रमर जीन क्रूपा गोरे, पियानोवादक टेडी विल्सन आणि हॅम्प्टन कृष्णवर्णीय. आज यात काही विशेष वाटणार नाही. पण त्या काळी अमेरिकेत गोऱ्या आणि काळ्या वादकांनी लोकांसमोर एकत्र वाजवणं ही धाडसाची गोष्ट होती. तिथल्या मोठ्या बेसबॉल स्पर्धांचे दरवाजे काळ्या खेळाडूंना १९४७ साली उघडले. त्याच्या नऊ वर्षं आधी, १६ जानेवारी १९३८ रोजी, ही चौकडी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजवत होती. ज्या समाजात आपण थोडे आहोत, तिथे आपली जागा भाषणांनी मिळते तशी कामानेही मिळते. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

क्रूपा गुडमनला सोडून गेला, तेव्हा काही काळ ड्रमवर कोण बसलं असेल? हॅम्प्टनच. नवं वाद्य हाती आलं म्हणून त्याने जुनं सोडलं नव्हतं. तो पियानोही वाजवायचा आणि तो कसा, तर दोन तर्जन्यांनी, जणू बोटं म्हणजे व्हायब्राफोनच्या काठ्याच!

१९४० मध्ये त्याने स्वतःचा बँड काढला. 'फ्लाइंग होम' ही त्याची रचना खूप गाजली, पण तिच्या १९४२ च्या ध्वनिमुद्रणात आठवतो तो इलिनॉय जॅके या तरुण वादकाचा सॅक्सोफोन. डायना वॉशिंग्टन, चार्ल्स मिंगस, क्विन्सी जोन्स, सगळे उमेदीच्या काळात या बँडमध्ये होते. व्यवहाराची बाजू पत्नी ग्लॅडिस सांभाळायची आणि तिची शिस्त कडक होती. १९५३ च्या युरोप दौऱ्यात वादकांना बाहेर ध्वनिमुद्रण करायला बंदी होती, तरी क्लिफर्ड ब्राउन आणि क्विन्सी जोन्स यांनी ते लपूनछपून केलंच. पुढच्याला वाव देणं आणि त्याला मुठीत ठेवणं, दोन्ही एकाच घरात नांदत होतं. मोठ्या माणसांची गोष्ट सांगताना हेही सांगावं, असं मला वाटतं.

जानेवारी १९९७ मध्ये न्यूयॉर्कमधल्या त्याच्या घराला आग लागली. वाद्यं गेली, आयुष्यभराचे कागद गेले. तो तेव्हा ८८ वर्षांचा होता. त्याच आठवड्यात तो व्हाइट हाउसमध्ये कलेचं राष्ट्रीय पदक घ्यायला हजर होता. २००२ साली तो गेला. आयडाहो विद्यापीठातल्या संगीत विद्यालयाला त्याच्या हयातीतच, १९८७ साली, त्याचं नाव मिळालं होतं.

म्हणून मुलांनो, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. ताल वाजवून करिअर होतं, पण तालाबरोबर सूरही शिका. तबला वाजवत असाल तर पेटीवर एखादा राग काढून बघा. ड्रम वाजवत असाल तर कीबोर्डला हात लावा. हिशेबाची वहीसुद्धा उघडायला शिका, कारण तुमच्या घरी ग्लॅडिस असेलच असं नाही. आणि साथीला बसल्याचा कमीपणा कधी मानू नका. समोरच्याचा श्वास ओळखायला साथीदार जितका शिकतो, तितकं क्वचितच कुणी शिकत असेल. पुढे जायची वेळ आली, की तेच ऐकणं उपयोगी पडतं.