मांडूच्या मुलीचे नाव काय?

आपल्याकडची मंडळी हल्ली माळव्यात बरीच जातात. उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर आणि मग मांडू. परतल्यावर फोटो दाखवतात. त्यातले पहिले दोन कुठले असणार हे मी न बघता सांगू शकतो: तळ्यात पडलेले जहाज महालाचे प्रतिबिंब आणि रूपमती मंडपातून दिसणारे निमाडचे मैदान. तिसराही ठरलेलाच. गळ्यात चांदीचे जाड दागिने घातलेली भिल्ल म्हातारी, किंवा टोपलीत गोरखचिंचा घेऊन रस्त्याकडेला बसलेली आठ-नऊ वर्षांची पोर. खाली शीर्षक असते 'निरागस' किंवा 'सुरकुत्यांचा इतिहास'. एका हौशी मंडळाच्या प्रदर्शनात तर 'आजची रूपमती' असेही वाचले. बक्षीसपात्र फोटो होता. मी त्या गृहस्थांना विचारले, मुलीचे नाव काय? ते हसले. म्हणाले, "नाव कोण विचारतो हो, लाइट काय सुंदर होता!"

माझे भांडण या वाक्याशी आहे. त्या गृहस्थांशी नाही, माणूस चांगला आहे.

आता रूपमतीचेच घ्या. 1561 मध्ये अकबराचा सरदार आदम खान माळव्यावर चालून आला, बाजबहादूर पळाला, आणि रूपमतीने आदम खानाच्या हाती लागण्यापेक्षा विष घेतले, अशी कथा आहे. म्हणजे जी बाई 'मी तुझ्या हाती लागणार नाही' म्हणून अजरामर झाली, तिचे नाव आपण कोणाला देतो, तर न विचारता टिपलेल्या एका पोरीला. विनोद आहे, पण हसू येत नाही.

मांडू एके काळी मोठे शहर होते. माळव्याच्या सुलतानांची राजधानी, शादियाबाद, आनंदनगरी. इथल्या गियासशाहाच्या (1469 ते 1500) दरबारात 'निमतनामा' नावाचे पाककृतींचे सचित्र हस्तलिखित सुरू झाले. आज ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यातल्या चित्रांत मिशीवाला सुलतान चटकन ओळखता येतो. भोवती बायकाच बायका: कोणी रांधते आहे, कोणी वाढते आहे, कोणी नुसतीच उभी आहे. सुलतानाचे नाव आपल्याला ठाऊक, बायका मात्र 'बायका'. पाचशे वर्षांत हत्यार बदलले, कुंचल्याऐवजी लेन्स आली. हिशेब तोच राहिला.

जामी मशिदीसमोरच्या चौकात मी दोन तास नुसता बसलो होतो. बस थांबते, माणसे उतरतात, आणि माणसाच्या आधी कॅमेरा उतरतो. गोरखचिंचेवाली मुलगी फळ पुढे करते, हा बापडा दोन पावले मागे सरतो, कारण फ्रेममध्ये टोपली पूर्ण बसत नाही. शेजारची आजी पदर ओढून तोंड फिरवते. 'नको' म्हणण्याची याहून स्पष्ट भाषा मला माहीत नाही. पण क्लिक, क्लिक. ते फिरवलेले तोंडही टिपले जाते, आणि मला खात्री आहे, घरी जाऊन त्याला 'लज्जा' असे नाव मिळते. फळ कोणी घेत नाही.

यावर ठरलेले उत्तर येते: ही स्ट्रीट फोटोग्राफी आहे, जगभर चालते. चालते खरी. पण ती जन्मली पॅरिस, न्यूयॉर्कसारख्या शहरांत, जिथे सगळेच एकमेकांना अनोळखी असतात. दादरच्या पुलावर तुम्ही माझा फोटो काढलात तर त्या गर्दीत मी तुम्हाला अनोळखी आणि तुम्ही मला; निदान बरोबरीचा सामना आहे. मांडूच्या चौकात तसे नसते. त्या पोरीला तिथला चहावाला ओळखतो, मास्तर ओळखतात, बकऱ्यासुद्धा ओळखतात. तिथे अनोळखी माणूस एकच, तो म्हणजे बसमधून उतरलेले तुम्ही.

दुसरे उत्तर कायद्याचे. सार्वजनिक जागा आहे, परवानगी कशाला? 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. माणूस सार्वजनिक जागी उभा आहे एवढ्यावरून त्याचा खासगीपणा संपत नाही, असेही त्या निकालात म्हटले आहे. रस्त्यावर फोटो काढणे त्यामुळे गुन्हा ठरला नाही, हे मलाही कळते. पण 'हक्क' हा शब्द फक्त कॅमेरेवाल्याच्याच खिशात असतो हा समज तरी सोडावा. आणि गंमत बघा, पुरातत्त्व खात्याच्या स्मारकात तिपाई लावायची तर परवानगी काढावी लागते. दगडाला विचारायचे, माणसाला नाही.

तिसरे उत्तर मात्र वजनदार आहे. विचारले की सहजता जाते, माणूस 'पोज' देतो. मान्य. मोर्चा, लाठीमार, पूर, पुढाऱ्याचा चेहरा यांना विचारत बसायचे नसते. तिथे न विचारणे हेच कर्तव्य असते. पण गोरखचिंच विकणारी मुलगी ही घटना नव्हे. तिची सहजता तिची आहे, ती गेली तर नुकसान फक्त आपल्या बक्षिसाचे.

शरबत गुला आठवा. 1984 मध्ये पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत स्टीव्ह मॅककरीने टिपलेले ते हिरवे डोळे जून 1985 च्या 'नॅशनल जिओग्राफिक'च्या मुखपृष्ठावर झळकले. तिचे नाव जगाला कळले 2002 मध्ये. आणि 2016 मध्ये पाकिस्तानात तिला अटक झाली ती बनावट ओळखपत्राच्या आरोपावरून! जगातल्या सर्वांत ओळखीच्या चेहऱ्यांपैकी एक, आणि ओळखपत्राचे वांधे.

आपल्याकडेही 2023 मध्ये 'ह्यूमन्स ऑफ बॉम्बे' हे पान 'पीपल ऑफ इंडिया'विरुद्ध आपला मजकूर चोरल्याची तक्रार घेऊन दिल्ली उच्च न्यायालयात गेले. मूळ 'ह्यूमन्स ऑफ न्यूयॉर्क'वाल्या ब्रँडन स्टँटनने त्यावर जाहीर टोला हाणला तो वेगळाच. मला त्या भांडणातला विषय भारी वाटला. चेहरे लोकांचे, गोष्टी लोकांच्या, आणि मालकीचा वाद दोन पानांमध्ये. (1868 ते 1875 या काळात इंग्रज सरकारने आपल्या जाती-जमातींच्या छायाचित्रांचे आठ खंड काढले. त्यांचेही नाव 'द पीपल ऑफ इंडिया'च होते. योगायोग, दुसरे काय!)

हे सगळे गोवेकराला समजावून सांगावे लागते याचेच मला नवल वाटते. फोंतेन्यासच्या रहिवाशांनी दारावर 'फोटो काढू नका' अशा पाट्या लावल्या, कारण लोक त्यांच्या पायऱ्यांवर चढून पोज देत होते. पर्रा पंचायतीने 2019 मध्ये माडांच्या त्या रस्त्यावर चित्रीकरणासाठी शुल्क लावले, केवढा गदारोळ झाला. तेव्हा आपण सगळे तावातावाने म्हणत होतो, आम्ही काय प्रदर्शनातल्या वस्तू आहोत? म्हापशाच्या बाजारात मासळीवाल्या बाईवर कोणी लेन्स रोखली तर ती सरळ सुनावते, "फोटो मागीर, पयलीं नुस्तें घे." आपण टाळ्या वाजवतो. मांडूची आजी भिल्लीत किंवा निमाडीत तेच म्हणत असेल, पण ते आपल्या कानांना कळत नाही आणि डोळ्यांना दिसत नाही.

मग फोटो काढूच नयेत का? काढावेत की. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जे काम केले ते बघा. गटारात उतरलेला माणूस त्या चित्रांत कुठेही 'इंटरेस्टिंग' दिसत नाही, तो कामगार दिसतो, आणि बघणाऱ्याला आपल्या कचऱ्याची लाज वाटते. त्या माणसांत वर्षे घालवल्याशिवाय ते येत नाही. आपल्याकडे वर्षे नसतात, सहलीची बस अर्ध्या तासात सुटते. ठीक आहे. अर्ध्या तासात नाव विचारता येते, फळ विकत घेता येते, काढलेला फोटो त्याच मुलीला पडद्यावर दाखवता येतो, आणि ती नको म्हणाली तर तिच्यासमोर पुसताही येतो. पत्ता मिळाला तर प्रत पाठवावी. धारला कागदावर फोटो छापून देणारे स्टुडिओ आहेत, मांडू तिथून पस्तीस-एक किलोमीटर.

2022-23 च्या सुमारास धार जिल्ह्यातली जुनी गोरखचिंचेची झाडे मुळासकट उपटून हैदराबादला नेण्याचा प्रकार झाला. गावकरी आडवे आले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. झाड नेताना ट्रक लागतो, क्रेन लागते, ते गावाला दिसते. त्याच झाडाखाली फळे विकणारी पोर मात्र दर रविवारी चाळीस-पन्नास मोबाइलमधून गावाबाहेर जाते, आणि पुढच्या महिन्यात पणजीतल्या आणखी एखाद्या प्रदर्शनात भिंतीवर असते. मी जाणार आहे त्या प्रदर्शनाला. प्रत्येक चौकटीखाली नाव विचारणार आहे.